घरी बनवलेल्या व्हेप लिक्विडची चव का बिघडते?

ब्रिटन-अमेरिकेत अनेक जण व्हेपचं लिक्विड घरीच बनवतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल, व्हेजिटेबल ग्लिसरीन, फ्लेवर आणि हवं असल्यास निकोटीन, एवढंच त्यात असतं. तरी नवख्यांची पहिली बाटली हमखास बिघडते.

चव औषधासारखी किंवा अत्तरासारखी लागली, तर बहुतेकदा फ्लेवर जास्त झालेला असतो. कस्टर्डसारखे फ्लेवर मुरायला दोन-तीन आठवडे लागतात. जळकट चव आली, तर दोष बहुधा कॉइलचा. सुक्रालोजसारख्या स्वीटनरमुळे ती लवकर काजळते. घसा जळजळला, तर निकोटीन जास्त झालेलं असू शकतं.

पण चव छान म्हणजे लिक्विड सुरक्षित, असं नाही. लोण्याचा स्वाद देणाऱ्या डायअसेटिलच्या वाफेमुळे अमेरिकेत पॉपकॉर्न कारखान्यांतल्या कामगारांची फुफ्फुसं खराब झाली होती. खाण्यातले तेलयुक्त इसेन्स श्वासातून आत गेले, तर न्यूमोनिया होऊ शकतो. असा घटक पडलेली बाटली सुधारत बसायची नसते, टाकूनच द्यायची.

आणि भारतात? २०१९ च्या कायद्यानुसार ई-सिगारेट किंवा तिचा कुठलाही भाग बनवणं आणि विकणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.