हलका कॅमेरा, स्थिर चित्र

वाशीम, रिसोड किंवा कारंज्यात लग्नाची ऑर्डर घेणाऱ्या शूटिंगवाल्याच्या हाती आज दिसणारा मिररलेस कॅमेरा लेन्स सोडून अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. तीस वर्षांपूर्वी याच कामाचा कॅमेरा खांद्यावर पेलावा लागे. अगदी सुरुवातीच्या, हँडलने फिरवायच्या कॅमेऱ्यांच्या काळात तर कॅमेरा ट्रायपॉडवरून उचलून चित्रण करणे शक्यच नव्हते. कॅमेरा जसजसा हलका झाला तसतसे त्यातले चित्र जास्त हलू लागले, आणि दरवेळी ते हलणे थांबवण्याची नवी युक्ती शोधावी लागली. आज कॅमेरा घेताना दुकानात जे प्रश्न विचारले जातात, ते या युक्त्यांच्या इतिहासातूनच आले आहेत.

महाराष्ट्रात चलचित्रण सुरू झाले ते मुंबईत. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला. हे नवल पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या छायाचित्रकाराने इंग्लंडहून २१ गिनी मोजून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचेही चित्रण त्यांनी केले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तो त्र्यंबक तेलंग यांनी चालवला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेरा स्वतःच घडवला आणि त्यावर ‘सैरंध्री’ (१९२०) काढला.

हे सगळे कॅमेरे हँडलने चालत. एका फेऱ्याला आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला सोळा चौकटी असे त्यांचे गणित होते. ज्याचा एक हात सतत एका लयीत हँडल फिरवतो आहे, त्याला कॅमेरा हातात धरणे अशक्य. म्हणून त्या काळची चित्रे स्थिर आहेत. ती स्थिरता लाकडी ट्रायपॉडच्या वजनातून आलेली आहे. कुस्तीगीर चौकटीबाहेर गेले तरी कॅमेरा त्यांच्यामागे जात नसे.

कॅमेरामनचे हात मोकळे केले ते चावीच्या स्प्रिंगने आणि नंतर विजेच्या मोटारीने. बेल अँड हॉवेलचा आयमो हा चावीचा कॅमेरा १९२५ मध्ये आला. १९३७ मध्ये जर्मनीत बनलेल्या अ‍ॅरिफ्लेक्स ३५ या कॅमेऱ्यात शटरलाच फिरता आरसा बसवलेला होता. शटर बंद असण्याच्या क्षणी लेन्समधून येणारा प्रकाश तो आरसा व्ह्यूफाइंडरकडे वळवी, त्यामुळे फिल्मवर जे उमटणार तेच कॅमेरामनला डोळ्याने दिसे. हातात कॅमेरा घेऊन माणसांच्या गर्दीत शिरणाऱ्याला याचे मोल फार होते. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि वार्तापट व माहितीपट नियमित निघू लागले, ते अशाच फिरत्या कॅमेऱ्यांच्या जोरावर.

त्यानंतर चित्रणाचे साधन आणखी स्वस्त आणि लहान झाले. मुंबईचे आनंद पटवर्धन यांनी १९७४ मध्ये बिहारमधल्या आंदोलनाचे चित्रण सुपर एट कॅमेऱ्याने केले आणि ते पडद्यावर पाडून १६ मिमी फिल्मवर पुन्हा टिपले. अशा चित्रणात हाताची थरथर दिसते आणि ती खटकत नाही, कारण माणूस तिथे उभा होता याचा तो पुरावा असतो. हे भान ठेवायला हवे. चित्र हलणे हा सर्वत्र दोष नाही. मोर्च्यात जे शोभते ते सप्तपदीत शोभत नाही, एवढाच फरक आहे.

त्याच दशकात अमेरिकेत गॅरेट ब्राऊन यांनी स्टेडीकॅम तयार केला. कॅमेरामनच्या अंगावर जाकीट, त्याला स्प्रिंगचा हात, आणि त्या हातावर तोललेल्या दांड्याच्या एका टोकाला कॅमेरा तर दुसऱ्या टोकाला बॅटरी व मॉनिटर, अशी त्याची रचना होती. वजन मध्यापासून दूर पसरले की वस्तू सहज डुलत नाही, हे तत्त्व त्यामागे होते. ‘बाउंड फॉर ग्लोरी’ (१९७६) या चित्रपटात तो वापरला गेला. गावोगावच्या शूटिंगवाल्याच्या आवाक्यात मात्र तो कधीच आला नाही.

वऱ्हाडात चलचित्रण घराघरांत पोचले ते लग्नाच्या व्हिडिओमुळे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण आले, आणि रंगीत टीव्हीपाठोपाठ व्हीसीआर आला. सुरुवातीच्या व्हिडिओ संचात कॅमेरा वेगळा आणि रेकॉर्डर वेगळा असे, रेकॉर्डर खांद्याला अडकवून दोहोंना केबलने जोडावे लागे. १९८३ पासून दोन्ही एकाच खोक्यात येऊ लागले. पॅनासॉनिकच्या एम मालिकेतल्या खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्यांनी पुढची पंधरा-वीस वर्षे लग्नाचे मांडव व्यापले. शूटिंगवाल्याबरोबर हॅलोजन धरणारा एक पोरगा आणि लांबलचक वायर असे. अक्षता पडल्या की कॅसेट मिक्सिंगला जाई, आणि नवरदेव-नवरीचे चेहरे बदामात किंवा गुलाबात बसवून परत येई.

या कॅमेऱ्यांचे चित्र आजच्या मानाने धूसर होते, पण चांगल्या हाताखाली ते आश्चर्य वाटावे इतके स्थिर असे. त्याचे कारण शरीरशास्त्रात आणि साध्या यंत्रशास्त्रात आहे. माणसाचा हात कितीही आवरला तरी सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक थरथरतो. दोन-तीन किलोच्या वस्तूला एवढी हलकी थरथर हलवू शकत नाही, तिचे जडत्व ती गिळून टाकते. शिवाय खांदा, गाल आणि हात अशा तीन ठिकाणी आधार मिळे. उरलेला झोका जाणकार शूटिंगवाला गुडघे किंचित वाकवून, टाच अलगद टेकवून चालत मोडत असे. हे कौशल्य कुठल्या शाळेत शिकवले गेले नाही. उस्तादाच्या मागे लाइट धरता धरता ते अंगी आले. या व्यवसायातली ती खरी कारागिरी होती, आणि तिची नोंद कुठेच नसणे ही खेदाची गोष्ट आहे.

१ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, तेव्हा हा व्यवसाय दुसऱ्या वळणावर होता. १९९५ मध्ये मिनी डीव्ही कॅसेट आली होती. पुढे सोनीचे पीडी १५० (२०००) आणि पीडी १७० (२००३) हे कॅमेरे भारतभर लग्नकार्यांत दिसू लागले. ते खांद्यावर टेकत नसत, हातात धरावे लागत. आधार गेला, वजन घटले आणि थरथर परत आली. तिच्यावर उपाय म्हणून लेन्समध्येच ऑप्टिकल स्टेबलायझर बसवलेला होता. कंप ओळखून आतला काचेचा भाग उलट दिशेने हलवण्याची ही तजवीज होती. घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यात चित्र स्थिर करण्याची सोय पॅनासॉनिकने १९८८ मध्येच आणली होती.

गिऱ्हाईक मात्र कॅमेऱ्याच्या आकारावरून शूटिंगवाल्याची पत ठरवत असे. म्हणून पॅनासॉनिकच्या एमडी १०००० सारखे खांद्यावरचे मोठे डीव्ही कॅमेरे बरीच वर्षे खपत राहिले. त्यांच्या आतले सेन्सर अगदी लहान होते, पण अंगाने ते भारदस्त होते. ही हौस निव्वळ देखाव्याची म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्या मोठ्या अंगामुळे चित्र स्थिर राहायलाही मदत होत होती.

साधने तुटपुंजी असताना काय करता येते, याचे उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचे आहे. वाशीम जिल्ह्यातही मालेगाव नावाचा तालुका आहे, पण हे मालेगाव यंत्रमागाचे. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ (२०००) हा विडंबनपट काढला आणि नंतर त्यांच्या चमूने स्वतःचा सुपरमॅनही उभा केला. रुळांवरच्या ट्रॉलीऐवजी सायकल आणि क्रेनऐवजी बैलगाडी वापरून त्यांनी कॅमेरा फिरवला. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात ही धडपड पाहायला मिळते.

२००८ हेच वर्ष व्यवसायाला कलाटणी देणारे ठरले. त्या वर्षी निकॉन डी ९० आणि कॅनन ५डी मार्क टू या फोटोच्या कॅमेऱ्यांतून व्हिडिओ निघू लागला. लहान गावांत फोटो स्टुडिओवाला आणि शूटिंगवाला बहुधा एकच, त्यामुळे एका यंत्रात दोन्ही कामे होणे ही मोठी सोय होती. मोठ्या सेन्सरमुळे मागची गर्दी विरघळून नवरीचा चेहरा उठून दिसे, आणि गिऱ्हाइकाला हे ‘सिनेमासारखे’ चित्र आवडले. पण डीएसएलआर व्हिडिओसाठी घडवलेलाच नव्हता. चित्रण चालू असताना त्याचा आरसा वर उचललेला राहतो, त्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो आणि मागच्या पडद्याकडे पाहत कॅमेरा छातीपुढे, हवेत धरावा लागतो. आधाराच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट पकड. त्यातच सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जात असल्याने धक्का बसला की उभे खांब वाकडे डुलत. शूटिंगवाल्यांनी मोनोपॉड, ग्लायडर, खांद्याचे रिग असे नाना उपाय केले.

आरसाच काढून टाकलेला पहिला मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा, पॅनासॉनिक जी १, त्याच २००८ मध्ये आला होता आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या जी एच १ मध्ये व्हिडिओही आला. आरसा गेल्याने कॅमेऱ्याची जाडी आणि वजन कमी झाले. सेन्सरच हलवून थरथर मारण्याची कल्पना मिनोल्टाने २००३ च्या डिमाज ए १ मध्ये आणली होती, मिररलेस कॅमेऱ्यांत ती खऱ्या अर्थाने बहरली. ऑलिंपसच्या ई-एम ५ मध्ये (२०१२) सेन्सर पाच प्रकारे हलू लागला: वर-खाली झुकणे, डावी-उजवीकडे वळणे, स्वतःभोवती फिरणे आणि दोन दिशांना सरकणे. जायरोस्कोप कंप मोजतो आणि विद्युतचुंबकाच्या कॉइल सेन्सरला उलट ढकलतात. यातले स्वतःभोवती फिरणे लेन्समधल्या स्टेबलायझरला दुरुस्त करता येत नाही. २०१४ च्या सोनी ए ७ टू मुळे पूर्ण फ्रेमच्या सेन्सरलाही ही सोय मिळाली.

मात्र सेन्सर काही मिलिमीटरच सरकू शकतो. एका जागी उभे राहून हळद टिपताना तो कॅमेरा जवळजवळ ट्रायपॉडवर ठेवल्यासारखा वागतो. वरातीबरोबर चालताना पावलागणिक येणारा काही सेंटिमीटरचा हेलकावा त्याच्या ताकदीबाहेरचा आहे, आणि रुंद लेन्स असेल तर चौकटीचे कोपरे लवलवतात. कंपन्या ‘पाच स्टॉप’, ‘सहा स्टॉप’ असे आकडे देतात ते स्थिर छायाचित्रासाठी मोजलेले असतात, चालत्या व्हिडिओसाठी नव्हेत. चालण्यावरचा इलाज गिंबलने, म्हणजे कॅमेरा मोटारींनी तोलून धरणाऱ्या दांड्याने दिला. फ्रीफ्लाय कंपनीचा मोवी २०१३ मध्ये, डीजेआयचा रोनिन २०१४ मध्ये आणि एका हाताचा रोनिन-एस २०१८ मध्ये आला. गिंबलचे चित्र तरंगल्यासारखे दिसते. पण तो तोलायला वेळ लागतो, आणि रामनवमीच्या पोहरादेवीच्या यात्रेसारख्या दाटीत तो घेऊन फिरणे कठीण होते.

तिसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणाचा, म्हणजे चित्राच्या कडा कापून उरलेली चौकट सरकवत राहण्याचा. स्वस्त कॅमेऱ्यांत हाच असतो, आणि त्याची किंमत मांडवात कळते. १६ मिमीची लेन्स एपीएस-सी सेन्सरवर पूर्ण फ्रेमच्या २४ मिमीइतके दृश्य दाखवते. कडा कापून चौकट १.४ पट अरुंद झाली तर ते सुमारे ३४ मिमीवर येते, आणि भिंतीला पाठ टेकून उभ्या असलेल्या माणसाला मागे सरकायला जागा उरत नाही. दुसरी अडचण प्रकाशाची. भारतात वीज ५० हर्ट्झची आणि व्हिडिओ सेकंदाला २५ चौकटींचा, म्हणून ट्यूबलाइटची फडफड टाळायला शटर १/५० ठेवतात. एवढ्या मंद शटरला प्रत्येक चौकटीत धक्क्याची पुसट रेघ आधीच उमटलेली असते. चौकट सरकवून चित्र थांबते, रेघ मात्र तशीच राहते.

म्हणून लग्नाच्या कामासाठी लहान कॅमेरा घेताना सेन्सर हलतो की नाही, हा प्रश्न सर्वांत आधी यायला हवा. सोनी झेडव्ही-ई १० (२०२१) बॅटरीसह ३४३ ग्रॅमचा आहे, पण त्याचा सेन्सर पक्का बसवलेला आहे. फुजीफिल्म एक्स-एस १० (२०२०) ४६५ ग्रॅमचा असून त्याचा सेन्सर हलतो. पहिल्याबरोबर मिळणाऱ्या १६-५० मिमी लेन्समध्ये स्टेबलायझर आहे, पण रात्रीच्या मांडवात उपयोगी पडणाऱ्या एफ १.४ च्या बहुतेक स्वस्त लेन्समध्ये तो नसतो. म्हणजे उजेड सर्वांत कमी असतो त्याच वेळी आधारही नाहीसा होतो. या सव्वाशे ग्रॅमच्या फरकाकडे ओझे म्हणून पाहणे चुकीचे आहे. कितीतरी शूटिंगवाले हलक्या कॅमेऱ्याला मुद्दाम धातूची केज आणि वरचे हँडल लावतात, म्हणजे वाचवलेले वजन परत चढवतात.

त्यानंतर येते ते सलग चित्रण. युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्यांवर जास्त जकात असल्याने फोटो कॅमेरे अनेक वर्षे तीस मिनिटांच्या आत चित्रण थांबवत. वापरलेला जुना कॅमेरा घेताना ही मर्यादा तपासावी लागते. सेन्सर हलवण्यात आणि फोर-के नोंदवण्यात वीज खर्च होते व उष्णता निर्माण होते. वऱ्हाडात लग्नसराई एप्रिल-मेमध्ये भरात येते आणि पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या किंवा कापडी मांडवाखाली लहान अंगाचा कॅमेरा तापून बंद पडू शकतो, त्यामुळे विधींचे सलग चित्रण एचडीत करणे, पडदा बाहेर वळवून ठेवणे आणि जादा बॅटऱ्या सावलीत राखणे ही खबरदारी घेतली जाते. मंगलाष्टकांसाठी एक कॅमेरा ट्रायपॉडवर चालू ठेवून दुसरा हातात घेतला, तर एक तापला तरी अक्षता पडण्याचा क्षण हातचा जात नाही.