दिनविशेष : २३ ऑक्टोबर – नाक घडवण्याची पुणेरी विद्या

२३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने एका लष्करी अधिकाऱ्याचे गेलेले नाक कपाळाच्या कातडीतून नव्याने घडवले. विद्या मात्र पुण्याकडची. इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी १७९२च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात छाटला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका जाणकाराने त्याला नाक परत दिले. आधी मेणाचे नाक केले, मग ते चपटे करून कपाळावर आखणी. तेवढी कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांमधली चिंचोळी पट्टी तोडली नाही. रक्तपुरवठा तिच्यातूनच चालू राहिला. खरे कसब ते हेच! कातडी अर्धा पीळ देऊन खाली बसवली, वर ओल्या काताच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपाच्या. मधली पट्टी कापली ती साधारण पंचविसाव्या दिवशी. ही हकीकत १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. तीत कावसजीचे नाव आहे, त्या कसबी माणसाचे नाही, याची आजही हळहळ वाटते. कार्प्यूने आधी शवांवर हात बसवला, मगच शस्त्र उचलले. १८१६मध्ये आपल्या ग्रंथात त्याने ही भारतीय रीत सविस्तर मांडली.