ज्ञानकोशाचे भागीदार

मराठी विकिपीडियावरची माझी पहिली दुरुस्ती अर्नाळ्याच्या किल्ल्याविषयी होती. ती मी विरार स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेतून केली. खाते उघडलेले नव्हते. त्यामुळे लेखाच्या इतिहासात नावाऐवजी तिथल्या जोडणीचा आयपी पत्ता उमटला. तो आजही कोणालाही दिसतो.

कोश म्हटला की पैसा आला, आणि पैसा आला की नोंदवही. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले. तेवीस खंडांमागचा तो व्यवहार उघड होता. विकिपीडियाने जाहिराती नाकारल्या. त्या येतील या नुसत्या शंकेने २००२ साली स्पॅनिश विकिपीडियाचे अनेक लेखक बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा कोश उभारला. मराठी आवृत्ती त्यानंतरची, १ मे २००३ची.

तरी व्यापार आलाच, कारण परवान्यातच त्याला वाट आहे. श्रेय द्यावे, आपली सुधारित आवृत्तीही तशीच खुली ठेवावी, मग मजकूर विकायलाही हरकत नाही. २०२१ मध्ये विकिमीडियाने ‘एंटरप्राइझ’ ही सशुल्क सेवा काढली. २०२२ मध्ये गूगल तिचे ग्राहक झाले. इथे विकला जातो तो वेगवान, अखंड पुरवठा. वाचकांची माहिती नव्हे. मला यात वावगे दिसत नाही. आमच्या वसई-विरारच्या लोकांना हे पटकन कळेल : विहीर सर्वांची असली, तरी रोज टँकर भरून नेणाऱ्याने मोटरच्या बिलाला हातभार लावायलाच हवा.

लेखकांच्या माहितीची मागणी आली ती वेगळ्याच दाराने. खाते असलेल्यांचे आयपी पत्ते साधारण ९० दिवस राखले जातात, आणि तेही जाहीर नसतात. २०२४ मध्ये एएनआय वृत्तसंस्थेच्या बदनामीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने तीन संपादकांचा तपशील मागितला. पुढे त्यांची ओळख उघड न करता विकिमीडियानेच त्यांना समन्स पोहोचवावे, असे ठरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. तेव्हापासून इतिहासाच्या लेखाला हात लावताना मी संदर्भ दोनदा तपासतो. खरे सांगायचे तर काही लेखांना हातच लावत नाही.

आता खाते न उघडता लिहिणाऱ्याचा आयपी पत्ता झाकून तात्पुरते नाव देण्याची पद्धत आली आहे. जुन्या नोंदी मात्र तशाच आहेत. त्या कॅफेच्या जागी आज मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे.