बार्शीचा बट्टा

परवा भाच्याचा फोन आला. बायको-मुलांना घेऊन क्रूझवर जायचं म्हणतोय. तिकीट काढलंय, पण जहाजावरचा खर्च सगळा डॉलरमध्ये. "मामा, रुपया फार घसरलाय, पुढच्या वर्षावर ढकलू का?" मला हसूच आलं. आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा पडलेला नाही. फक्त तेव्हा डॉलरच्या जागी कलदार होता आणि समुद्राच्या जागी बार्शी!

नव्या पिढीसाठी थोडं सांगतो. आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत 'मोगलाईत'. इथे चालायचा हाली सिक्का. शेजारची बार्शी मात्र सोलापूर जिल्ह्यात, इंग्रजी मुलखात. पंढरपूरही तिकडेच. तिथे कलदार. हालीत चांदी कमी, साधारण ९ ग्रॅम. कलदारात साडेदहाच्या वर. म्हणून सरकारी दर असा, की ७ हाली दिले की ६ कलदार मिळायचे.

आमच्या आजीला पंढरीला जायचं होतं. तूप विकून तिने १४ रुपये साठवले होते. हिशेबाने त्याचे १२ कलदार. पण बार्शीच्या सराफाने वर आपला बट्टा कापला. परत येताना उरलेले कलदार मोडले, तेव्हा पुन्हा बट्टा! घरी आल्यावर आजोबांनी हिशेब विचारला आणि म्हणाले, "देव घरीच आहे, पुन्हा जायची गरज नाही." आजी काही बोलली नाही. पण तिचा हिशेब आतल्या आत चालूच होता.

चार वर्षांनी ती पुन्हा निघाली. या वेळी ज्वारीचं पीठ, डाळ, चटणी, तूप, अगदी सरपणाच्या चार काटक्यासुद्धा घरून. सगळं हालीत घेतलेलं. येडशीहून बार्शी लाइटची ती चिमुकली गाडी. लातूरहून थेट पंढरपूरपर्यंत ती १९११ पासून धावत होती. बार्शीत आजीने लागतील तेवढेच रुपये मोडले, तेही एकदाच. उरलेल्या कलदारांचं परतीला लुगडं वगैरे घ्यावं, तर मोगलाईच्या हद्दीवर करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं नाकं. म्हणून तिने काही उरवलंच नाही. शेवटचा आणा चंद्रभागेत सोडला म्हणायची. खरंखोटं विठ्ठल जाणे!

मला फार उशिरा कळलं, की आजीचं नुकसान दराने केलंच नव्हतं. सोलापूरकडून तुळजापूरला येणाऱ्या भक्ताला ६ चे ७ मिळत, म्हणून तो काही श्रीमंत होत नसे. रुपयाच हलका होता, त्याला कोण काय करणार? आजीला लुटलं ते मोडण्याने. प्रत्येक वेळी पैसा या हातातून त्या हातात गेला, की मधल्याने आपलं काढून घेतलं.

भाच्याला तेच सांगितलं. दर तुझ्या हातात नाही. पण जेवण, फिरणं, जे जे आधीच रुपयात भरता येईल ते इथूनच भरून टाक. जहाजावर यंत्र विचारेल, "रुपयात पैसे घेऊ का?" तेव्हा नाही म्हण, तो बार्शीचाच सराफ आहे. कार्डावर बँक किती वरकड लावते ते आधी विचार. आणि उरलेले डॉलर परत मोडत बसू नकोस. पण जा. मुलं मोठी होतात, रुपयाची वाट बघत थांबत नाहीत.

हाली सिक्का १९५९ साली कायमचा बंद झाला. आजीच्या डब्यातला एक माझ्या टेबलावर आहे, चारमिनार असलेला. आज तो कुठल्याही दुकानात चालणार नाही. पण आजोबांचं ऐकून आजीने सगळे असेच डब्यात ठेवले असते तर?

असो. त्या दुसऱ्या वारीहून ती आली तेव्हा आजोबांनी हिशेब विचारला नाही म्हणे. नुसता बुक्का लावून घेतला.