प, सा, ग, ध आणि कुत्र्याच्या पिसवा

ऑगस्ट १८७९. होनोलुलूच्या धक्क्यावर तुम्ही गर्दीत उभे आहात आणि ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून मदेइरा बेटावरची पोर्तुगीज कुटुंबं उतरताहेत. ऊसमळ्यांवर राबायला आलेली माणसं. त्यांच्यातले तिघं सुतारकामात तरबेज. त्यांनी सोबतच्या छोट्या चारतारी वाद्यावरून हवाईत युकुलेली घडवली. राजा कालाकौआच्या दरबारातही ती वाजू लागली.

पुढे सरका. १९१५, सॅन फ्रान्सिस्कोचं जागतिक प्रदर्शन. हवाईच्या मंडपात वादक गाताहेत आणि लोक हलायला तयार नाहीत. इथून अमेरिकेला युकुलेलीचं वेड लागलं. ६ ऑगस्ट १९२६ला न्यूयॉर्कच्या थिएटरात बसा: ‘डॉन जुआन’ चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर रॉय स्मेक हे वाद्य वाजवतोय आणि चित्राबरोबर आवाजही ऐकू येतोय!

पण तुम्हाला थांबायचंय १९५०च्या एप्रिलमध्ये, एका साध्या अमेरिकन घरात. गालिच्यावर मांडी घाला. हातात ५ डॉलर ९५ सेंटची प्लॅस्टिकची ‘आयलँडर’. ती बनवणारा मारिओ माकाफेरी म्हणजे पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी नामांकित गिटार घडवणारा कारागीर. प्लॅस्टिक म्हणून नाक मुरडू नका, बरी वाजते.

टीव्ही तापतो आणि लोकप्रिय निवेदक आर्थर गॉडफ्री उमटतो. केस तांबडे आहेत म्हणे, तुम्हाला करडेच दिसणार. सीबीएसवर त्याची चक्क युकुलेलीची शिकवणी चालते, आणि शिकवणीआधी वाद्य लावणं आलंच. तुम्ही वरून खाली एकेक तार छेडता आणि प्रत्येक तारेवर एक शब्द गाता: ‘माय डॉग हॅज फ्लीज’. माझ्या कुत्र्याला पिसवा झाल्यात!

आपल्या सरगमीत गाऊन बघा: प, सा, ग, ध. चारही सूर मध्य सप्तकातले. पहिली तार मंद्र पंचमाची असती तर सूर नुसते पायरीपायरीने चढले असते. इथे ते पंचमावरून धपकन षड्जावर पडतात आणि मग गंधार, धैवत असे वर जातात. एकदा ऐकलेली ही चाल डोक्यातून जात नाही. कुणी सा सी पट्टीत धरतो, कुणी डी. कुत्रा तोच, पिसवा त्याच.

खरं तर वाद्य लावणं म्हणजे कुठल्याही कार्यक्रमातला रटाळ भाग. आपल्या मैफलीत तंबोरे जुळेपर्यंत श्रोते शेजाऱ्याची खुशाली विचारून घेतात. युकुलेलीवाल्याला मात्र तिथेच आयता विनोद मिळतो. सराईत माणूस तोंड अगदी गंभीर ठेवून ही तक्रार गातो, शेवटचा सूर मुद्दाम उतरलेला ठेवतो, खुंटी पिळतो आणि पुन्हा कुत्र्यापासून सुरुवात करतो. गाणं सुरू व्हायच्या आधीच प्रेक्षक त्याचे झालेले असतात. माझ्या मते या वाद्याच्या लोकप्रियतेत या वेडगळ ओळीचा वाटा मोठा आहे. जे लावतानाच हसू येतं, ते शिकायची भीती कसली?

भीती नसली तरी वैताग आहे. नवी नायलॉनची तार ताणली जात राहते, सूर धरत नाही. गॉडफ्री पहिल्या कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जातो, तोवर तुमचा धैवत दोनदा उतरलाय. स्वयंपाकघरातून आवाज येतो, “पुढची ओळ नाही का रे त्याला?” नाही. तुम्ही खुंटी पिळता आणि पुन्हा पंचमापासून सुरू करता.