दुसरी गोळी कोणाची?

बेंगळुरूहून मी पुन्हा तुमच्याशी बोलतोय. आजचा विषय आहे तरफेची बंदूक, म्हणजे लिव्हर ॲक्शन रायफल. काउबॉयच्या सिनेमात तुम्ही ती शंभर वेळा पाहिली आहे. बंदुकीच्या चापाखाली एक कडी असते. ती खाली ओढून वर घेतली की पुढची गोळी तयार.

ही अमेरिकेची वस्तू, मग बेंगळुरूत बसून तिच्याबद्दल का बोलायचं? कारण या शहरात केनेथ अँडरसन राहत होता. 'नाइन मॅन-ईटर्स अँड वन रोग' हे त्याचं पुस्तक १९५४ साली आलं आणि जिम कॉर्बेटच्या पंगतीत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये इथे विमानांचा कारखाना काढला. अँडरसन नोकरीला होता तो त्याच कारखान्यात. सुट्टी मिळाली की तो होसूर, देंकणीकोट्टईच्या रानात जायचा. हातात असायची विंचेस्टर कंपनीची १८९५ मॉडेलची, .४०५ बोअरची तरफेची रायफल.

ती बंदूक कुठून आली ते आधी पाहू. आपल्याकडची ठासणीची बंदूक आठवा. नळीत तोंडाकडून दारू घाला, गोळी घाला, गजाने ठासा, मग बार काढा. नेम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. तोवर समोरचा शत्रू किंवा वाघ काही थांबत नाही. बंदुकीच्या इतिहासातला मोठा प्रश्न हाच होता, की दुसरी गोळी लवकर कशी मिळवायची?

१८४० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने एक उत्तर शोधलं. आपण साडीला लावतो ती सेफ्टी पिन बनवणारा हाच माणूस! नळीखाली दुसरी नळी बसवायची, तिच्यात गोळ्या एकामागे एक भरायच्या आणि तरफेने एकेक वर घ्यायची. कल्पना चांगली, पण यंत्र नाजूक होतं आणि गोळी कमजोर. पुढे स्मिथ आणि वेसन यांनी त्यावर हात फिरवला. मग त्या धंद्यात पैसा घातला ऑलिव्हर विंचेस्टर नावाच्या शर्ट बनवणाऱ्या कारखानदाराने. त्याचा कारागीर बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० मध्ये धातूच्या पुंगळीचं काडतूस वापरून सोळा गोळ्यांची रायफल बनवली. दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारा मसाला एकाच काडतुसात बंद झाला, म्हणून तरफेचं यंत्र बिनचूक चालू लागलं. १८६६ आणि १८७३ ची विंचेस्टर मॉडेलं याच रायफलीची लेकरं.

मग सगळ्या फौजांनी ती का घेतली नाही? १८७७ मध्ये प्लेव्हनाला तुर्कांनी जवळच्या माऱ्यात विंचेस्टर वापरून रशियनांना भाजून काढलं होतं. पण सेनापतींना भीती होती की शिपाई काडतुसं उधळतील. शिवाय जमिनीवर पालथं पडून तरफ ओढणं अवघड. आणि नळीत काडतुसं एकामागे एक बसतात, त्यामुळे टोकदार गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकतं. धक्का बसला तर नळीतच स्फोट! १८९५ च्या मॉडेलमध्ये जॉन ब्राउनिंगने नळी काढून टाकली आणि चापाच्या पुढे काडतुसांची पेटी बसवली. पहिल्या महायुद्धात रशियाने अशा सुमारे तीन लाख रायफली घेतल्या. पण तोवर जगातल्या बहुतेक फौजा बोल्टच्या रायफलींकडे वळल्या होत्या.

आता भारतात येऊ, कारण इथे प्रश्न यंत्राचा उरत नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी एक धोरण ठेवलं. देशी शिपायाचं हत्यार गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागचं असावं. १८९७ मध्ये सारागढीला लढलेल्या एकवीस शिखांच्या हातात मार्टिनी-हेन्री होत्या. तिलाही खाली तरफ असते, म्हणून पुष्कळांची गल्लत होते. पण ती तरफ फक्त मागचं दार उघडते. दर बाराला काडतूस हाताने घालावं लागतं. त्याच काळात गोऱ्या पलटणींकडे पेटीची ली-मेटफर्ड होती.

प्रजेचं काय? १८७८ मध्ये लिटनने शस्त्र कायदा केला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा आणि त्याचाच. भारतीयाला बंदुकीसाठी परवाना लागे, गोऱ्याला आणि अँग्लो-इंडियनला मात्र सूट होती. आमच्या शेजारच्या कोडगूतल्या कोडवांना वेगळी सवलत मिळाली, ती आजही चालू आहे. बाकीच्यांना दुसरी गोळी हवी असेल तर ती चोरवाटेनेच यायची. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकमध्ये अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंगचं होतं. अँडरसनची रायफल आखणारा ब्राउनिंग तो हाच.

वंशाच्या नावाची ती सूट पहिल्या महायुद्धानंतर गेली. परवाना आणि पैसा हे अडथळे मात्र राहिले. अँडरसनच्या गोष्टी या नजरेने पुन्हा वाचा. जनावर नरभक्षक का झालं, हे तो शोधत राहतो. कधी पंजात साळिंदराचे काटे रुतलेले असतात, तर कधी कुणाच्या ठासणीच्या बंदुकीची गोळी अर्धवट लागलेली असते. शेत राखणाऱ्याकडे किंवा चोरून शिकार करणाऱ्याकडे एकच बार. जनावर जखमी होऊन निसटतं, त्याला हरणामागे धावता येत नाही, आणि ते माणसाकडे वळतं. मग पेटीत चार काडतुसं असलेल्या रायफलवाल्याला बोलावणं जातं.

अँडरसनचं धाडस यामुळे कमी होत नाही. रात्ररात्र झाडावर बसणं सोपं नसतं. पण त्याच्या मोठेपणाखाली ही विषमता आहे, हे मला सांगायचं आहे. गावकऱ्याची एक गोळी आणि शिकाऱ्याच्या चार गोळ्या या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

आणि रानाला त्या चार गोळ्याही महागच पडल्या. दुसरी गोळी सोपी झाली, तसा हौशी शिकारीचा सपाटा वाढला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७४ मध्ये अँडरसन वारला. उतारवयात तो स्वतःच रानं ओस पडल्याची खंत लिहीत होता.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी संग्रहालयात जुनी बंदूक दिसली की ती किती गोळ्या झाडते हे जरूर वाचा. पण ती कोणाला बाळगता येत होती आणि कोणाला नाही, हेही विचारा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.