डोंगराचे छप्पर आणि नांगरकऱ्याचे लेणे

पुणे-लोणावळा लोकलने देहूरोड आणि बेगडेवाडी मागे टाकले, की घोरावाडी स्थानकाजवळ एक एकाकी डोंगर दिसतो. महाशिवरात्रीला तिथे गर्दी लोटते, तुकोबांच्या चिंतनाशीही परंपरेने त्याचे नाते सांगितले जाते. हा घोरावडेश्वर. अभ्यासक त्याला शेलारवाडीची लेणी म्हणतात.

इथल्या एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या माणसाच्या पत्नीने हे लेणे दान दिले, असे तो सांगतो. नवऱ्याची ओळख दोन शब्दांत येते: 'हलकिय' आणि 'कुडुबिक'. पहिल्याचा अर्थ नांगर धरणारा. दुसरा 'कुटुंबिक', म्हणजे घरदार आणि जमीन असलेला शेतकरी. आपला 'कुणबी' याच कुळातला मानतात. मावळातल्या लेण्यांचा विषय निघाला की व्यापारी, यवन आणि राजे आठवतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या शेतकरी कुटुंबाची आठवण क्वचितच निघते.

आता पाण्याचा प्रश्न. लेणी डोंगराच्या कुशीत, पवना खाली सपाटीला. भिक्खू वर्षावासात एका जागी राहत, तेव्हा पाण्याला तोटा नसे. कठीण होते ते पुढचे आठ महिने. अखंड काळ्या कातळात विहीर खोदून झरा लागेलच याची खात्री नाही. मग उरते ते आभाळातून पडणारे पाणी, आणि ते झेलायला डोंगराचा उतार, म्हणजे आयते छप्पर.

उतारावरून येणारे पाणी दगडात कोरलेल्या चऱ्यांतून वळवायचे आणि कातळात खोदलेल्या कुंडात सोडायचे. कान्हेरीच्या माथ्यावर अशा चऱ्या आजही स्पष्ट दिसतात. कुंडाचे तोंड लहान आणि पोट मोठे, म्हणून ऊन कमी लागते आणि बाष्पीभवन रोखले जाते. अनेक ठिकाणी तोंडाभोवती झाकण बसवण्याची खाच असते. बेसाल्ट घट्ट असेल तर पाझर नगण्य. कुंड फार रुंद असेल तर मध्ये दगडाचे खांब राखून छत तोलायचे.

शिलालेखांत या कुंडाला 'पोढी' म्हणतात. भाजे येथे कोसिकीपुत्र विण्हुदत्त या महारठीने पोढी दान दिली. बेडसे येथे महाभोजाची कन्या सामडिनिका या महारठिणीचे नाव कुंडावर कोरलेले आहे. चैत्यगृहाच्या भव्यतेपुढे पाण्याचे टाके ते काय, असे आज वाटेल. पण पाऊस फुकट होता आणि उतारही आयता होता. मेहनत आणि पैसा लागत होता तो साठवणीला. म्हणूनच साठवण ही नाव कोरून ठेवण्याजोगी देणगी ठरली.

हेच तंत्र पुढे गडांवर गेले. शिवनेरीच्या कातळात लेणी आहेत आणि टाकीही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाची जागा निवडताना आधी उदक पाहावे, ते नसेल तर कातळ फोडून टाकी बांधावीत, असा आग्रह आहे. शब्द बदलला, पोढीचे टाके झाले, कल्पना तीच.

शेतावर मात्र ही कल्पना फारशी उतरली नाही. कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्यांखाली हंडा-घंगाळ ठेवणे, पन्हळीने पाणी हौदात घेणे, एवढे घरोघर होते. ते चार दिवसांचे पाणी. गोठ्याच्या छपराचा हिशेब मांडून पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा मीटर लांब आणि तितकाच रुंद पत्र्याचा गोठा, पुण्याइतका सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे ७० हजार लिटर. पहिल्या सरींचे घाण पाणी आणि सांडणारे वजा करून ५६ हजार धरू. दुभत्या जनावराला दिवसाला ५० लिटर लागले, तरी चार जनावरांना हे पाणी २८० दिवस पुरते. (लोणावळ्याकडे पाऊस याच्या कित्येक पट.) पत्रा आहे, पाऊस आहे; नसते ते ५६ हजार लिटरचे टाके. महारठिणीने ज्यासाठी दान दिले, नेमके तेच.

याच मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी बौर येथे, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात पोलीस गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. मोठ्या धरणाचे पाणी कुणाचे, हा वाद तेव्हाही होता आणि नंतरही राहिला.

घोरावडेश्वरच्या लेखात उसभणकाच्या पत्नीसोबत तिच्या मुलाचेही नाव आहे: नंद, गृहपती. नांगर धरणाऱ्याच्या घरातल्या या दोन नावांवरून दरवर्षी जूनमध्ये त्याच उताराचे पाणी खाली वाहते.